आधी चरखा नीट करा, मग रंगाचं बघू : पेटी चरखा आणि रंगीत सूत, नवख्यांसाठी

माझ्याकडे कोणी पेटी चरखा घेऊन आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, धागा सारखा तुटतोय हो, माझा हातच बसत नाही." मी हाताकडे बघतच नाही. पेटी उघडतो, चाती बोटानं फिरवतो, आणि बहुतेक वेळा काय ते तिथेच सापडतं. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आयुष्य गेलं, त्यामुळे सवयच अशी लागलीय की मशीन नीट चालत नसेल तर आधी ऑपरेटरला बोलायचं नाही, आधी मशीन बघायचं, मग त्यात घातलेला माल, आणि सगळ्यात शेवटी माणूस. चरख्यालाही हाच क्रम लावा. आधी चरखा, मग कापूस, मग हात.

आणि रंगीत सूत कातायचं असेल तर हा क्रम जास्तच पाळावा लागतो. पांढऱ्या सुताला तेलकट डाग पडला तर सोड्यात उकळून बराचसा काढता येतो, रंगीत सुताचा डाग काढायला गेलात तर डागाबरोबर रंगपण उतरतो. त्यामुळे ज्यांना फक्त रंगाचं वाचायचंय त्यांनीपण चरख्याचा भाग सोडू नका, प्लीज.

पेटीत काय काय असतं

पेटी चरख्याला येरवडा चरखापण म्हणतात, कारण येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी त्याच्यावर बरंच डोकं चालवलं होतं. त्याआधी १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, त्या काळचे लाख रुपये म्हणजे विचार करा. तर ही पेटी उघडली की दोन चाकं दिसतात. मूठ असलेलं मोठं चाक, आणि त्याच्या शेजारी लहान चाक, ते गतिचक्र. मोठ्या चाकावरून गतिचक्राला एक जाड माळ, म्हणजे चाक फिरवणारा दोरा, गतिचक्रावरून चातीला दुसरी बारीक माळ. चाती म्हणजे ती स्टीलची निमुळती सळई जिच्या टोकावर धागा बनतो. तिच्यावर एक छोटी चकती असते, तिच्यामुळे कुकडी, म्हणजे चातीवर गुंडाळलेल्या सुताचा गोळा, मागं सरकत नाही. दोन चाकांमुळे तुम्ही मूठ एकदा फिरवता तेवढ्यात चाती कितीतरी डझन गिरक्या घेते, म्हणजे चातीत किंवा माळेत केसभर खोट असली तरी ती तेवढ्याच पटीनं हाताला जाणवते. सगळं दुखणं इथलंच आहे.

नवीन घेताय का जुना, याला माझं उत्तर जुना. सागवानाचं जे काय आकसायचं-फुगायचं असतं ते होऊन गेलेलं असतं. फक्त घेताना चाकाच्या कडेवर बोट टेकवून फिरवून बघा, चाक डुगडुगत असेल तर सोडून द्या, बाकी सगळं घरी दुरुस्त होतं.

चाती

चाती बाहेर काढा. ड्रेसिंग टेबलची काच किंवा जाड काचेचा तुकडा घ्या, त्याच्यावर चाती ठेवून तळहातानं हळू लोळवा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. सरळ असेल तर काच आणि चातीमधली फट लोळवताना बदलत नाही, वाकडी असेल तर उजेड मधेच दिसतो आणि मधेच जातो, आणि टोक थरथरतं. वाक जिथं वर येतो तिथं पेन्सिलनं खूण करा, लाकडी ठोकळ्यावर खूण वर ठेवून लाकडी हातोडीनं टिचकी मारल्यासारखं ठोका, परत लोळवा, परत ठोका. पकड लावायची नाही. पकडीचे दात चातीवर उठले की तिथं प्रत्येक वेळी कापसाचे तंतू अडकतात आणि मग तुम्ही म्हणणार धागा तुटतो.

टोक सुईसारखं टोचणारं नको, गुळगुळीत हवं. नखावरून फिरवून बघा, खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपर घ्या, चाती फिरवत फिरवत टोक घासा, मग सुती फडक्यानं पुसा.

चाती ज्या दोन आधारांत बसते ते कशाचे आहेत ते बघा, माझ्या चरख्यात चामड्याचे आहेत. चामडं झिजून भोक लंबगोल झालं की चाती खडखडते. जुन्या पट्ट्याचा किंवा चपलेचा चामड्याचा तुकडा कापून नवीन आधार करता येतो, भोक आधी लहानच पाडा, नंतर मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

तेल, आणि माझी फजिती

शिलाई मशीनचं पातळ तेल, बाकी काही नको. बाटलीतून थेट ओतायचं नाही, दातकोरणीच्या टोकावर जेवढं बसतं तेवढंच. दोन्ही चाकांच्या आसाला आणि चातीच्या दोन्ही आधारांना, एवढ्या चार जागा. खोबरेल कोणी सुचवलं तर ऐकू नका. निफाडकडची थंडी शहरात उतरली की बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं ते आधारातपण थिजतं, त्यात कापसाचा भुसकट बसतो आणि आठवडाभरात मळी तयार.

पहिल्या वर्षी मी डाळिंबाच्या सालीत रंगवलेला छान पिवळा कापूस कातायला बसलो, चरखा जड वाटला म्हणून उत्साहात आधाराला दोन-तीन थेंब जास्त सोडले आणि लगेच कातायला लागलो. पाऊण गुंडी (सुताची लड) झाल्यावर परेत्यावर (सूत गुंडाळायची चौकट) घेतली तर पिवळ्यात करड्या रंगाची रेघ, थोडं थोडं अंतर सोडून, एकदम नियमित. तेल चातीवरून सरकत कुकडीच्या तळाशी आलं होतं, आणि त्यात झिजलेल्या लोखंडाची बारीक पूड होती. ती गुंडी अजून ठेवलीय, नवीन माणसाला दाखवायला. तेव्हापासून नियम असा की तेल दिलं की आधी सूत न लावता चाक पन्नासएक फेरे फिरवायचं, बाहेर आलेलं तेल फडक्यानं टिपायचं, मग भंगारातल्या पांढऱ्या कापसाचा धागा हातभर कातून बघायचा, तो पांढरा राहिला तरच रंगीत पेळू, म्हणजे कातायला वळलेली कापसाची वळी, हातात घ्यायचा.

माळ

ही गोष्ट लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित ठेवतात. दुकानातला कुठलाही दोरा घेऊन गाठ मारतात आणि चालू करतात. गाठ चातीवरून जाते तेव्हा प्रत्येक वेळी टक् असा झटका बसतो, कान देऊन ऐका, ऐकू येतो. झटका बसला की त्या क्षणी पीळ कमी-जास्त होतो आणि सूत तिथं बारीक पडतं.

बारीक माळ घरीच करा. साधारण २० नंबरच्या सुताचे (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) सहा पदर एकत्र घ्या, एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं टोक पेन्सिलीला, आणि पीळ घालत जा, इतका की सैल सोडलं तर दोरा स्वतःभोवती गुंडाळायला लागेल. मग मधोमध पकडून दोन्ही टोकं एकत्र आणा, दोन भाग आपोआप एकमेकांवर वळतात. आता मेणाचा खडा दोनदा ओढा. माळ घसरत असेल तर मेणाऐवजी राळेची थोडी पूड चोळा, पकड येते. जोड देताना गाठ नाही मारायची, दोन्ही टोकांचे पदर बोटभर उकलायचे, अर्धे अर्धे कापून बारीक करायचे, एकमेकांत गुंफायचे आणि शिवणाच्या दोऱ्यानं आठ-दहा टाके घ्यायचे. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. लागू दे.

ताण किती, तर माळ मधे बोटानं दाबली की थोडी लवली पाहिजे, तंबोऱ्यासारखी वाजली नाही पाहिजे. आणि हे वर्षभर सारखं राहत नाही. पीळ घातलेला सुती दोरा ओल्या हवेत आखडतो, कोरड्यात सैल पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मूठ जड लागते आणि एप्रिलमध्ये माळ घसरते. पावसाळ्यात काम झालं की माळ उतरवून ठेवायची, नाहीतर रात्रभर ताणून आधार वाकडे होतात.

कापूस

गाद्यांच्या दुकानातला कापूस नको. मी सुरुवातीला पिंजाऱ्याकडून अर्धा किलो आणला होता स्वस्त पडतो म्हणून, त्यात जुन्या गाद्यांचा, गिरणीचा वेस्ट, सगळं मिसळलेलं असतं, तंतू तुटके असतात, धागा धरतच नाही. सरकी काढलेला चांगला लांब धाग्याचा कापूस घ्या किंवा तयार पेळू घ्या. चिमूटभर कापूस दोन हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा, सुटलेले तंतू मोजपट्टीवर ठेवा, अडीच सेंटिमीटरच्या वर असतील तर नवीन माणसाला चालेल.

पहिले दोन महिने पांढरंच काता. मला माहितीय कोणी ऐकत नाही. निदान पाच-सहा गुंड्या तरी.

रंग कधी द्यायचा

दोन रस्ते आहेत. एक, पांढरं सूत कातायचं आणि गुंडी रंगवायची. दुसरा, कापूसच रंगवायचा, मग पिंजून, रंग मिसळून कातायचा. पहिला सोपा, दुसऱ्यात खरी मजा, पण दुसऱ्यात एक अडचण आहे जी कोणी आधी सांगत नाही. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं. म्हणून तो पाण्यात टाकला की तरंगतो, आणि मेण असेपर्यंत रंग आत शिरत नाही. मेण काढायला उकळावा लागतो, आणि मेण गेलं की तोच कापूस कातायला रुक्ष लागतो, तंतू एकमेकांवरून घसरत नाहीत, हाताला ओढून घेतल्यासारखे वाटतात. म्हणून रंगवलेला कापूस पहिल्या दिवशी जमला नाही तर तुमचा हात बिघडलेला नाही.

तयार पेळू तसेच रंगाच्या पातेल्यात टाकू नका. मी टाकलेत. बाहेर आले ते समईच्या वातींसारखे घट्ट, सुकल्यावर काड्या. मोकळा कापूसच रंगवायचा आणि पेळू नंतर करायचे.

१०० ग्रॅम कापसाचं माप सांगतो. कापूस मलमलच्या पिशवीत सैल बांधा, भरपूर पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, ते कापसातलंच असतं, घाबरू नका. धुवून चिमूटभर कापूस पाण्यावर टाका, लगेच बुडला तर झालं, तरंगला तर परत उकळा.

आता नुसती तुरटी सुती कापसाला नीट धरत नाही, आधी तुरट पदार्थ लागतो, म्हणून २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात, त्यात कापूस रात्रभर. सकाळी हलका पिळून १५ ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात दोन-तीन तास. हिरडा, मंजिष्ठा (लाल रंग देणारं मूळ) वगैरे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, मंजिष्ठा मागितली की दुकानदार रक्तशुद्धीसाठी का विचारतो, मी आता हो म्हणून टाकतो.

रंगाचा माल आपल्या जिल्ह्यात पायलीला पन्नास आहे. सटाणा-मालेगावकडची डाळिंबं घरी येतात त्यांच्या साली वाळवून ठेवा, कापसाच्या वजनाइतक्या साली तासभर उकळून गाळलं की पिवळा मिळतो, आणि सालीतच तुरटपणा असल्यामुळे हिरडा नाही घातला तरी चालतं. कांद्याचा पाचोळा, लासलगावच्या जिल्ह्यात राहून तो विकत घ्यायचा नसतो, भाजीवाला खुशीनं पिशवीभर देतो, त्याचा सोनेरी ते तांबूस येतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू. मंजिष्ठेचा विटकरी लाल, पण पाणी उकळू द्यायचं नाही, बोट सहन होणार नाही इतपतच गरम, उकळलं की लाल जाऊन तपकिरी. हळदीच्या नादी लागू नका, पहिल्या दिवशी जीव जातो इतकी सुंदर दिसते आणि गॅलरीतल्या उन्हात आठवड्यात फिकी पडते. काळपट हवा असेल तर डाळिंबावर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, १०० ग्रॅमला २ ग्रॅम, जास्त नाही, लोखंड जास्त झालं की काही महिन्यांनी सूत कुजल्यासारखं तुटतं.

भांडं स्टीलचंच. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, प्रत्येक घरात आजीचं एक पातेलं असतंच आणि ते बघून मोह होतो, पण तांबं-पितळ रंगात उतरतं आणि छटा बदलते. लोखंडी कढईत तर पिवळ्याचा शेवाळी होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तेच होणार, म्हणून नळाचं पाणी घ्या. आणि एकदा रंगाला वापरलेलं पातेलं स्वयंपाकाला परत नाही. आमच्याकडे हे मी ठरवलेलं नाही, बायकोनं ठरवलं, "ते पातेलं आता तुमच्या खोलीत ठेवा, माझ्या ओट्यावर दिसलं तर भंगारवाल्याला देईन."

रंग देताना कापूस ढवळायचा नाही, पिशवी वरून दाबत राहायची. गार झाल्यावर धुवा, पिशवीसकट वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवा, सावलीत वाळवा, आणि अर्धवट ओला असताना दोनदा तरी बोटांनी मोकळा करा. हे चुकलं तर पुढं पिंजताना रडाल.

रंग मिसळणं आणि पेळू

धनुकली, म्हणजे कापूस पिंजायचं छोटं धनुष्य, असेल तर उत्तम, नसेल तर कुत्र्याचे केस विंचरायचे बारीक तारांचे दोन ब्रश आणा, ऑनलाईन मिळतात, कापसाला मस्त चालतात. एका ब्रशवर पातळ थर लावा, दुसऱ्यानं हलकेच विंचरा, तारांत तारा घुसवायच्या नाहीत, वरून वरून. निळा आणि पिवळा एकदा-दोनदा विंचरलात तर दोन्ही रंग जिवंत राहतात आणि लांबून हिरवा दिसतो. येवल्याच्या पैठणीत धूपछाव दिसते ना, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा, डोळाच मिसळतो, तसंच. सहा-सात वेळा विंचरलात तर चिखल होतो आणि वर बारीक गाठी पडतात. तिसऱ्या वेळेला थांबा, कितीही हात शिवशिवले तरी.

किचनच्या काट्यावर प्रत्येक रंग ग्रॅमात मोजून लिहून ठेवा, पुढची खेप तशीच काढायची असेल तर वहीशिवाय जमत नाही. थर उचलून विणायच्या सुईवर सैल गुंडाळा, पाटावर एकदा फिरवा, सुई ओढून घ्या, झाला पेळू. वीतभर लांब, अंगठ्याइतका जाड.

कातणं

चातीला हातभर सूत आधीच बांधलेलं हवं. त्याचं टोक पेळूच्या तोंडाला टेकवा, उजव्या हातानं मूठ हळू फिरवा, सूत पेळूतल्या तंतूंना धरतं. आता डावा हात चातीपासून लांब न्यायचा, पण चिमटीत पेळू दाबायचा नाही, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा धरायचा. सूत चातीच्या टोकावरून सरळ पुढच्या दिशेला ठेवलं की पीळ चढतो. आधी जाडसर, मऊ धागा होऊ द्या, जाड जागा दिसतील, मग मूठ फिरवत थोडं अजून ओढा. पीळ बारीक जागेत आधी शिरतो, तिथं धागा पक्का होतो, आणि जाड जागा मोकळी असल्यामुळे ती ताणली जाते, धागा आपोआप एकसारखा होतो. हे पहिल्यांदा डोळ्यासमोर घडतं तेव्हा माणूस चहा विसरतो.

मग हात लांब गेल्यावर अजून काही फेरे पीळ द्या, कापसाला पीळ भरपूर लागतो. चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवा, सूत चातीला काटकोनात आणा आणि गुंडाळून घ्या. उलटं फिरवायचं विसरलात की तिथंच तुटतं. पीळ पुरेसा आहे का हे बघायला सूत थोडं सैल सोडा, स्वतःभोवती घट्ट वळलं तर ठीक, नुसतं लोंबलं तर अजून द्या.

कोरड्या हवेत, म्हणजे मार्चनंतर दुपारी, सूत जास्त तुटतं. सकाळी लवकर बसा किंवा शेजारी ओला टॉवेल टाका. फॅन बंद. रंग बदलताना फिक्याकडून गडदाकडे जा, आणि मधे जुन्या टूथब्रशनं चातीचे आधार, गतिचक्राची खाच, पेटीचे कोपरे झाडून घ्या, नाहीतर मंजिष्ठेचे लाल तंतू पुढच्या पिवळ्यात येत राहतात. येतात म्हणजे येतातच.

परेता, गुंडी, दुपदरी

कुकडी फुगली की परेत्यावर घ्या. परेत्याचा घेर टेपनं एकदा मोजून ठेवा, फेरे मोजा, लांबी कळते, वजन केलं की नंबर कळतो. १ ग्रॅममध्ये साधारण १७ मीटर आलं तर १० नंबर, ३४ मीटर आलं तर २० नंबर. नवीन माणसाचं १० च्या खालीच येतं, चालतं, त्याचं दुपदरी करा. दोन रंगांचे धागे एकत्र घेऊन चाक उलट्या दिशेनं फिरवायचं, कातताना दिला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त पीळ. गुंडी चार जागी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, कोमट पाण्यात तासभर बुडवा, झटका आणि दांडीवर टांगून सावलीत वाळवा. खाली वजन लटकवायची गरज नाही.

चरखा ठेवताना

दोन्ही माळा उतरवायच्या, चातीला तेलाचं बोट फिरवून सुती फडक्यात गुंडाळायची, कारण पावसाळ्यात गंज दोन दिवसांत येतो आणि गंजाचा डाग म्हणजे परत लोखंड, परत रंग काळा. पेटीत कडुनिंबाचा पाला, आणि शिवलेली एक जादा माळ. झाकणाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलनं तारखा लिहितो, माळ कधी बदलली, चामडं कधी बदललं. माझ्या चरख्याच्या झाकणावर माझ्याआधी कोणीतरी तसंच लिहिलेलं होतं, अक्षर पुसट झालंय, एवढंच लागतं : "माळ नवी. चाती सरळ केली."